रिपोर्टपुरतं पथ्य

आपल्याकडे डायबेटीस कुणालाच नसतो, शुगर फक्त 'बॉर्डरला' असते. उपाशीपोटी १४८ आली तरी बॉर्डरला. पीपी, म्हणजे जेवणानंतर दोन तासांची, २६० आली तर 'परवा लग्नात जिलबी झाली ना!' तर ही बॉर्डर उपाशीपोटी १०० ते १२५ अशी आहे. १२६ ला ती ओलांडली. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, ६.५ टक्के झालं तरी ओलांडलीच. लक्षणं नसतील तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीचा दुजोरा लागतो. म्हणून पुन्हा बोलावलं की 'लॅबवाले लुटतात' म्हणू नका.

खरी गंमत तपासणीच्या आधीची. चार दिवस भात बंद, चहा बिनसाखरेचा, सकाळी कारल्याचा रस, रात्री शतपावली. रिपोर्ट हातात पडला की संध्याकाळी आम्रखंड. एचबीए१सी या सोंगाला भुलत नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर चार दिवसांत सुटत नाही. (अंगात लोह कमी असेल तर मात्र हा आकडा उगाच चढा दिसू शकतो, तेव्हा ॲनिमिया असल्यास डॉक्टरांना सांगा.) ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून करतात त्या तपासणीत तर उपास अंगाशी येतो. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवलं नाही, तर आकडा खोटाच वाढू शकतो.

पीपीचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, बडीशेप चघळून झाल्यावर नव्हे. आणि रोज तीन पोळ्या नि वर भात खाणाऱ्यानं त्या दिवशी एक इडली खाऊन येण्यात काय हशील?

घरच्या मशिनची तऱ्हा वेगळी. आंबा चिरलेल्या हाताचं बोट टोचलं की आंब्याचीच शुगर मोजली जाते. हात साबणानं धुवा, पुसून कोरडे करा, टोचायचं ते बोटाच्या कडेला. मधोमध जास्त दुखतं. रक्त येत नाही म्हणून बोट पिळत बसलं तर पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. पट्ट्यांची डबी पावसाळ्यात उघडी ठेवली तर दमट हवेनं पट्ट्या बाद. एवढं सांभाळूनही लॅबच्या २०० ला मशिन १७० ते २३० मधलं काहीही दाखवू शकतं, आणि ते मानकात बसतं. त्यामुळे १४२ की १५० यावर नवरा-बायकोनं भांडू नये. निदान तर मशिनवर करतच नाहीत, त्याला लॅबमध्ये शिरेतलंच रक्त द्यावं लागतं.

मशिन नवीन आलं की आल्यागेल्या पाहुण्याचं बोट टोचायची हौस असते. टोचा, पण सुई प्रत्येकाला नवी आणि टोचायचं पेनही ज्याचं त्याचं. एकमेकांचं वापरलं तर हिपॅटायटिस बी पसरू शकतो.