चांगल्या रस्त्यावर आधी खर्च का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. निधी अपुरा असताना सर्वांत वाईट रस्ता आधी हाती घेणं चूक आहे, असं मी रस्त्यांच्या देखभालीवरच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: ज्यांच्या वाट्याला खड्डे आले त्यांच्यावर हा अन्याय आहे, धडधाकट रस्त्यावर सीलकोट, म्हणजे डांबराचा पातळ संरक्षक थर, मारणं हा वरवरचा मुलामा आहे, आणि कुठला रस्ता चांगला हे शेवटी खुर्चीत बसलेला माणूसच ठरवणार. तिसऱ्या मुद्द्यावर मला तुमचं बरंच पटलं, म्हणून तो शेवटी घेतो.

आधी मुलाम्याचं. डांबराचा थर पातळ असलेल्या रस्त्यात वजन मुख्यतः खालची खडी आणि तिच्याखालची माती पेलते. वरच्या डांबराचं मोठं काम म्हणजे पाणी आत जाऊ न देणं. ऊन आणि हवा यांनी डांबर वर्षागणिक कडक होत जातं, ठिसूळ होतं आणि केसासारख्या भेगा पडतात. त्यातून पाणी मुरलं की खालचा थर मऊ होतो. वरून जड चाक गेलं की तेच पाणी बारीक माती घेऊन भेगेतून वर उसळतं आणि खाली पोकळी राहते. मग मगरीच्या पाठीसारखी भेगांची जाळी दिसू लागते, एक तुकडा निघतो, आणि तिथे खड्डा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात ट्रक पुन्हा पुन्हा फिरवून रस्त्यांची मोठी चाचणी झाली. तिथेही सर्वाधिक पडझड वसंतात, बर्फ वितळून जमीन भिजल्यावर झाली. त्याच चाचणीतून कळलं की अॅक्सलवरचं (चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या आसावरचं) वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. म्हणजे भेग पडलेला रस्ता आणि अवजड वाहतूक एकत्र आली की थांबायला वेळच उरत नाही.

भेगा भरणं, सीलकोट, गटार मोकळं ठेवणं, साइडपट्टीचा उतार राखणं ही सगळी कामं पाणी शिरण्याआधीची आहेत. मगरपाठ उमटल्यावर त्यावर सीलकोट मारला तर तो मुलामाच, तुमचा शब्द अगदी योग्य आहे. तिथे खोदूनच काम करावं लागतं.

आता अन्यायाचा मुद्दा. मला तो खरोखर बोचला, म्हणून हिशेबच मांडतो. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. समजा शंभर किलोमीटर रस्ते आहेत, दरवर्षी आठ किलोमीटर पार निकामी होतात आणि पैसा पाच किलोमीटर नव्याने बांधण्यापुरता आहे. सगळा पैसा वाईट रस्त्यांवर घातला तरी निकामी रस्ता दरवर्षी तीन किलोमीटरने वाढतो. म्हणजे दहा वर्षांत तीस किलोमीटर, आणि तेही प्रामाणिकपणे काम करून. आता यातल्या दोन किलोमीटरचे पैसे वेळेवरच्या देखभालीकडे वळवले आणि सीलकोटचा खर्च पुनर्बांधणीच्या एक-अष्टमांश धरला, तर वर्षाला सोळा किलोमीटर सांभाळता येतात. पाच-सहा वर्षांत नवे निकामी होणारे रस्ते आठवरून दोनवर आले, तर उरलेल्या तीन किलोमीटरच्या पुनर्बांधणीतून जुनी थकबाकी, म्हणजे साठलेले निकामी रस्ते, दरवर्षी एकेक किलोमीटर कमी होऊ लागते.

पण सुरुवातीच्या वर्षांत थकबाकी आधीपेक्षा वेगाने वाढते, पहिल्या वर्षी तर तीनऐवजी पाच किलोमीटरने. त्या वर्षांचा त्रास खराब रस्त्यावरचीच माणसं सोसतात, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. म्हणून एक अट: वाहन घसरेल, माणूस पडेल असा खड्डा कुठल्याही रस्त्यावर असो, तो लगेच बुजवायचा. तो खर्च या हिशेबाबाहेर, सर्वांच्या आधी.

राहिलं खुर्चीतल्या माणसाचं. रस्त्याची अवस्था मोजण्याची साधनं आहेत. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी 1970 च्या दशकात शून्य ते शंभर गुणांचा निर्देशांक तयार केला. त्यात भेगा, चाकोऱ्या, उखडलेली खडी यांचा प्रकार, तीव्रता आणि व्याप पाहून शंभरातून गुण वजा करतात. मात्र तो डोळ्यांना दिसतं तेवढंच सांगतो. पोटातली ताकद कळायला ठरावीक वजन रस्त्यावर आदळून पृष्ठभाग किती दबतो ते मोजावं लागतं. वरून गुळगुळीत आणि आतून पोकळ रस्ता नुसत्या डोळ्यांना सापडत नाही.

तरीही मोजलेले आकडे फाइलीत बंद राहिले तर तुमची शंका खरी ठरते. ‘चांगला रस्ता आधी’ या नावाखाली मर्जीतला रस्ताही आधी करता येतो. प्रत्येक रस्त्याचे गुण, त्यावरची अवजड वाहतूक आणि त्याची पाळी कोणत्या वर्षी, ही यादी लोकांसमोर नसेल तर माझ्या सूचनेला मीच विरोध करीन. मूळ लेखात खड्ड्यांची अट आणि ही यादी, दोन्ही आज घातली आहेत.