दिसला का, दाजी?

आमच्या खान्देशाला समुद्र नाही. आमच्या वाटचं पाणी तापीमाई सुरतेकडे नेते आणि तिकडेच समुद्रात ओतते, त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. तेव्हा किनाऱ्यावर उभं राहून पक्षी बघण्याच्या प्रकारापासून आपण जन्मभर सुरक्षित आहोत, असा माझा समज होता. पण मेव्हणा म्हणाला, "दाजी, हतनूर आहे ना!"

हतनूरशी माझा संबंध पेपरपुरता. 'धरणाचे ४१ दरवाजे उघडले' ही बातमी वाचायची आणि चहा प्यायचा. पण पावसाळा सरला की तापी-पूर्णेच्या त्या फुगवट्यात उथळ पाणी, गाळ आणि पाणगवत असा बेत तयार असतो आणि पार हिमालयापलीकडून पाहुणे मुक्कामाला येतात. शिवाय ५ ते १२ नोव्हेंबर म्हणजे पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. एवढ्या मोठ्या माणसांची नावं घेतल्यावर नाही कसं म्हणणार?

भुसावळचा माणूस पहाटे ४ वाजता उठतो तो गाडी पकडायला. मी मेव्हण्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, त्यांतून येणारा गारठा आणि गळ्यात उसनी दुर्बीण. तिच्यावर '८ बाय ४२' लिहिलं होतं. मेव्हण्यानं वाटेत समजावलं, की ८ म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. मी दुर्बीण डोळ्यांना लावली. आत काळोख, काळोखात एक नाण्याएवढा उजेड आणि त्या उजेडात माझ्याच पापण्या. आठपट मोठ्या.

पाण्याच्या काठी दहा-बारा मंडळी आधीच उभी होती. सगळ्यांचे कपडे मातीच्या रंगाचे. मी लग्नातला लाल स्वेटर घालून आलो होतो. कोणी काही बोललं नाही, फक्त मला सगळ्यांच्या मागे उभं केलं.

"ते बघा, बाभळीच्या उजवीकडे!" गटाचे सर कुजबुजले. हतनूरच्या काठी बाभळीशिवाय दुसरं झाड मला तरी दिसलं नाही. कोणती बाभूळ? "ती हो, वाकडी." सगळ्याच वाकड्या होत्या.

"दिसला का, दाजी?"

"दिसला," मी म्हणालो.

पहिलं खोटं बोलायला जड जातं, पुढची आपोआप निघतात. मग मला शेकाट्या दिसला, थापट्या दिसला, तलवार बदक दिसलं. हळदी-कुंकू बदक तर मी दोनदा बघितलं. या नावांनी मला पार फसवलं. हळदी-कुंकू म्हटल्यावर माणसाला वाटतं, निदान वाण तरी मिळेल. तेवढ्यात सर म्हणाले, "वारकरी! वारकरी!" मुक्ताई इथून जवळच, कार्तिकाचे दिवस, मी झटकन रस्त्याकडे वळून हात जोडले. मंडळी पाण्याकडे बघत होती. वारकरी म्हणजे काळाकुळकुळीत अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला पाणपक्षी. नाव ठेवणाऱ्याला माझा दंडवत, पण ते आधी सांगायला नको?

उन्हं वर आली तरी ज्याची सगळे वाट बघत होते तो पट्टकदंब काही येईना. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडताना ७ हजार मीटरच्या वर उडालेला नोंदला गेला आहे. मला आमच्या घराचा दुसरा मजला चढताना दम लागतो, त्यामुळे त्याच्याबद्दल मनापासून आदर होता. सगळ्यांच्या दुर्बिणी पाण्यावर खिळल्या होत्या. माझीही होती, पापण्यांवर.

मागून एक मासेमार जाळं खांद्यावर टाकून आला. आमच्याकडे बराच वेळ बघून म्हणाला, "काय हरवलं भाऊ?"

"पट्टकदंब शोधतोय. मोठा हंस असतो."

"पट्ट्यावाला? ते तर तुमच्या मांगेच बसेल हाये."

आम्ही सगळे एकदम वळलो. मागच्या हरभऱ्याच्या शेतात पंधरा-वीस हंस निवांत कोवळा पाला खात होते. बारा माणसं एकदम वळलेली त्यांना आवडली नसावीत. शिवाय पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे आलेला तो लाल स्वेटर. हंस उडाले. माझ्याकडे कोणी बघितलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

मग चहा आणि यादी. मेव्हण्याच्या वहीत ३८ जाती. मी शेजारी बसून माझ्या कागदावर ३८च उतरवल्या. सर म्हणाले, "पहिल्याच वेळी ३८? नजर चांगली आहे तुमची." मी बिस्किट चहात बुडवून ठेवलं, ते तिथंच राहिलं.

घरी आल्यावर गच्चीत दुर्बीण पुसताना कळलं, की डोळ्यांकडची रबरी कडी फिरवून आत घालता येतात आणि चष्मेवाल्यानं ती आत घालूनच बघायचं असतं. घातली. लावली. आणि समोरच्या गच्चीच्या कठड्यावरचा कावळा असा धावून अंगावर आला! मानेचा राखाडी रंग, पंखावरची निळसर झाक, चोचीतला भाकरीचा तुकडा, सगळं लख्ख.

"दिसला! दिसला!" मी ओरडलो.

कावळ्याच्या बरोबर मागे शेजारचे काका टॉवेल गुंडाळून अंघोळीला निघाले होते.