'स्लाऊत चार वर्षं राहून…' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'द स्टोरी ऑफ रॉबिन हूड अँड हिज मेरी मेन'वरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. आधी चूक कबूल करते. डिस्नेचा हा सिनेमा १९५२चा आहे, मी १९५३ लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे, आभार.

तेवढ्यावर थांबला असतात तर माझं उत्तरही इथेच संपलं असतं. पण पुढे तुम्ही लिहिता, 'स्लाऊत चार वर्षं राहून झाडं बघितली म्हणून सिनेमा कळत नाही, ताई.' हे 'ताई' कशासाठी? मायेनं ताई म्हणणारी माणसं लगेच ओळखू येतात. वाद जरूर घाला, पण कुणाच्या आयुष्यातली चार वर्षं अशी उडवून लावू नका.

आता त्या चार वर्षांबद्दलच सांगते. इंग्लंडमधल्या स्लाऊ शहरात मी परिचारिका होते. शनिवारची रात्रपाळी संपली की घरी येऊन आंघोळ करायची, मुलाला उठवायचं आणि डबा घेऊन बर्नहॅम बीचेसला जायचं, हा आमचा रविवार. स्लाऊपासून ते रान अगदी जवळ. तिथली जुनी बीचची झाडं पिढ्यानपिढ्या सरपणासाठी छाटलेली आहेत, तीही माणसाच्या डोक्याच्या वर, म्हणजे नवे कोंब गुरांच्या तोंडी लागत नाहीत. त्यामुळे बुंधा बुटका, रुंद, कित्येकदा आतून पोकळ, आणि वर एकदम जाडजूड फांद्यांचा पसारा. माझा मुलगा अशा एका पोकळीत शिरला की मला फक्त त्याच्या टोपीचा लाल गोंडा दिसायचा. माणूस दडावा तर अशा झाडात.

या सिनेमाचे दिग्दर्शक केन अ‍ॅनाकिन यांनी बाहेरची बरीच दृश्यं याच रानात घेतली आणि आतली जवळच्या डेनम स्टुडिओत. डिस्नेचे पैसे तेव्हा ब्रिटनमध्ये अडकून पडले होते, ते तिथेच खर्च करायचे म्हणून हा चित्रपट तिथे झाला. तुमच्या लाडक्या १९३८च्या एरॉल फ्लिनच्या रॉबिन हूडपटातलं शेरवुड, म्हणजे रॉबिनचं रान, कॅलिफोर्नियातलं, चिको गावच्या बिडवेल पार्कमधलं आहे. देखणं आहे, पण इंग्लंडचं नाही. हा फरक डोळ्यांना कळतो तो त्या पाचोळ्यातून चालल्यामुळेच. आणि ज्या गोष्टीचा अर्धा जीव रानात आहे, तिच्यातलं रान ओळखता येणं म्हणजे सिनेमा कळणं नाही, तर मग काय?

या सिनेमात रॉबिन झालेल्या रिचर्ड टॉडला तुम्ही 'मिळमिळीत' म्हणालात. ६ जून १९४४ला हा माणूस पॅराशूटनं नॉर्मंडीत उतरला होता. पडद्यावरचा मुद्दा वेगळा आहे हे मलाही कळतं, पण शब्द वापरताना थोडं भान असावं. त्याचा रॉबिन सरदार नाही, रॉबिन फिट्झूथ नावाचा एका वनरक्षकाचा मुलगा आहे. तिरंदाजीच्या स्पर्धेनंतर त्याच्या बापाचा खून होतो, म्हणून तो रानात जातो. असा पोरगा कमरेवर हात ठेवून दर वाक्याला खदखदून कसा हसेल? फ्लिनचा रॉबिन सरदारघराण्यातला; जुन्या इंग्रजी पोवाड्यांतला रॉबिन मात्र 'योमन', म्हणजे साधा माणूस. त्याच्याजवळ जातो तो टॉडच.

तलवारबाजी, संगीत आणि रॉबिनची प्रेयसी मेरियन यांवरच्या तुमच्या तीन परिच्छेदांत मी शिरत नाही. ज्याची त्याची आवड.

रॉबिनचा साथीदार साधू फ्रायर टक याच्या प्रसंगाला 'बालिश' म्हणालात, ते मात्र लागलं. नदीकाठी टक झालेला जेम्स हेटर एकटाच दोघांचं गाणं म्हणतो, एक ओळ जाड आवाजात, उत्तराची ओळ बारीक आवाजात. हाच नट १९६७च्या दुसऱ्या एका चित्रपटात पुन्हा फ्रायर टक झाला, याचा अर्थ लोकांना तो हवा होता. माझा मुलगा हे दोन आवाज काढत शाळेत जायचा. परदेशात, नवी भाषा, नवी शाळा, आणि ते पोर रस्त्यानं गात चाललेलं. मी ते खिडकीतून बघितलेलं आहे.

पुन्हा लिहिलंत तर पुन्हा उत्तर देईन. फक्त ते 'ताई' वगळा.