रोड्सचा राजवाडा आणि रायगडाची जोती

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता गुलाल उधळला जात होता. साल्हेरपासून थेट तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत सगळी नावं प्रत्येकाने एकेकदा टाकून झाली आणि मग भांडण सुरू झालं. पुण्याच्या दादाचं म्हणणं असं की आता तरी रायगडावरचा राजवाडा, बाजारपेठ, सगळं पूर्ववत उभं करा. पडक्या भिंती बघायला जग कशाला येईल? अलिबागची वहिनी म्हणाली, एक दगड हलवायचा नाही, आधी प्लास्टिकच्या बाटल्या उचला. त्यावर दादाने हुकमी पान टाकलं: "युरोपात बघा, त्यांनी कसं सगळं उभं करून ठेवलंय. विचारा हिला."

ही म्हणजे मी. जर्मनीत राहते. मुलं शिकायला बाहेर पडल्यापासून मी आणि नवरा सुट्टी मिळाली की भूमध्य समुद्राकडे पळतो. इथला हिवाळा काढलेल्या माणसाला ऊन दिसेल तिथे जावंसं वाटतं, त्यात आमचं विशेष असं काही नाही. नवरा सिव्हिल इंजिनिअर, त्यामुळे आमच्या सहलींत सूर्यास्तापेक्षा दगडांच्या सांध्यांचे फोटो जास्त. या वादात तो दादाच्या बाजूने आहे. तेव्हा हे उत्तर दोघांनाही.

दादा, तुला हवा आहे तसा राजवाडा मी पाहिलाय. ग्रीसच्या रोड्स बेटावर. सेंट जॉनच्या ख्रिस्ती पंथातल्या योद्ध्यांचं हे ठाणं उस्मानी तुर्कांच्या सुलतान सुलेमानने १५२२ मध्ये जिंकलं. या योद्ध्यांच्या प्रमुखाचा राजवाडा उस्मानी अमलात तुरुंग म्हणून वापरला गेला आणि १८५६ मध्ये शेजारच्या चर्चखाली साठवलेल्या दारूगोळ्यावर वीज पडून बराचसा उद्ध्वस्त झाला. रायगड इंग्रजांच्या तोफांनी जळाला १८१८ मध्ये, म्हणजे दोन्ही घाव तसे एकाच शतकातले. पुढे रोड्स इटलीकडे गेलं आणि १९३७ ते १९४० या काळात फॅसिस्ट सरकारने हा राजवाडा नव्याने बांधला, इटलीच्या राजाला आणि मुसोलिनीला उतरायला म्हणून. खालच्या मजल्यासाठी जुन्या अवशेषांचा थोडाफार आधार होता, वरचं बरंचसं मनाने रचलं. दालनांत पायाखाली जी मोझेकची फरशी आहे ती कोस बेटावरून उचलून आणलेली. राजवाड्यापेक्षा कितीतरी शतकं जुनी आणि त्याच्याशी काडीचा संबंध नसलेली.

दिसतो मात्र भव्य. दरवाज्याच्या जोड बुरुजांखाली नवरा मान वर करून इतका वेळ उभा राहिला की मागच्या लोकांना वळसा घालून जावं लागलं. मला खटकत होत्या त्या दगडांच्या कडा. पाचशे वर्षं वारापाऊस खाल्लेल्या दगडाला इतकी धार राहत नाही. आसपास फोटो काढणाऱ्या लोकांना आपण कोणाची भिंत बघतोय याची कल्पना नव्हती. माहितीचे फलक आहेत, पण पाट्या कोण वाचतं! त्या योद्ध्यांचा राजवाडा गेला तो गेलाच. उभा आहे तो, मुसोलिनीच्या माणसांना तो जसा असायला हवा होता तसा.

रायगडावर याहून वेगळं काय होईल? तिथे जोती आहेत, पायऱ्या आहेत, दगडी चौथरे आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेनने १६७४ च्या राज्याभिषेकाचं वर्णन लिहून ठेवलंय, पण वाड्याचे लाकडी खांब केवढे होते, छप्पर कसं उतरत होतं, कोरीव काम कुठल्या धाटणीचं होतं, हे त्यावरून सुताराला सांगता येणार नाही. मग कंत्राटदार काय करणार? टीव्हीवरच्या मालिकेत दिसतो तसा वाडा बांधणार. आणि आपली पुढची पिढी तोच महाराजांचा म्हणून दाखवणार.

"मग ॲक्रोपोलिसवर, अथेन्सच्या त्या टेकडीवर, क्रेन कशाला उभी असते?" हा नवऱ्याचा प्रश्न. रास्त आहे. तिथलं प्राचीन देऊळ, पार्थेनॉन, १६८७ मध्ये फुटलं. आत तुर्कांनी बारूद साठवली होती, व्हेनिसवाल्यांचा गोळा त्यावर पडला. (त्याच वर्षी औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला, तिकडे फितुरीने दार उघडलं, इकडे छप्परच उडालं.) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालानोस नावाच्या इंजिनिअरने ते सावरायला घेतलं आणि दगडांत लोखंडी पट्ट्या ठोकल्या. लोखंड गंजलं, गंजून फुगलं आणि संगमरवर आतून तडकायला लागला. १९७५ मध्ये ग्रीक सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. तेव्हापासून त्या पट्ट्या काढून टायटॅनियमच्या बसवण्याचं काम चाललंय, आणि दुरुस्तीची दुरुस्ती अजून संपलेली नाही.

मला पटली ती त्यांची रीत. खांबाचा तुटका भाग भरायचा तर दगड त्याच पेंटेली डोंगरातला आणतात, पण तो नवा आहे हे लपवत नाहीत. जुना संगमरवर मधाच्या रंगाचा झालाय, नवा तुकडा पांढराफेक. तुटलेल्या जागेचा प्रत्येक उंचवटा आणि खळगा मोजून नवा दगड तसाच कोरायचा, म्हणजे जुन्याला छिन्नी लागत नाही, आणि उद्या कुणाला काढावासा वाटला तर काढताही येतो. यावर नवरा बराच वेळ गप्प होता, आणि तो गप्प बसणाऱ्यातला नाही.

आपल्याकडे बालानोसच्या लोखंडाची जागा सिमेंटने घेतली आहे. गडावर दरजा भरायला सिमेंट वापरलं की पाणी आत कोंडतं आणि शेजारचा जुना दगड फुटतो, हे चुना मळायच्या घाण्यावर काम केलेला कुठलाही गवंडी सांगेल. घाईचं फळ तर सगळ्यांनी पाहिलंय: मालवणला राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये उभा केलेला महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. वर्षसुद्धा टिकला नाही.

तरी वहिनीच्या "हात लावू नका"वरही माझी सही नाही. माल्टात राजधानी वॅलेटाच्या वेशीशी एक ऑपेरा हाउस होतं, १९४२ च्या बॉम्बफेकीत गेलं. पुन्हा बांधायचं की नाही यावर माल्टावाले कित्येक दशकं भांडले, आणि तोवर त्या मोक्याच्या जागेवर गाड्या उभ्या राहत. शेवटी इटालियन वास्तुरचनाकार रेन्झो पियानोने पडके खांब तसेच ठेवून आत उघडं नाट्यगृह केलं, २०१३ मध्ये. तिथल्या अनेकांना ते आजही आवडत नाही. मला आवडलं.

पण दादा, युरोपाकडून उचलायचंच असेल तर ती गोष्ट तटांवर नाही, तिकीट खिडकीत आहे. क्रोएशियातल्या दुब्रोवनिकच्या तटावर चढायला माणशी ४० युरो पडले. चार हजार रुपये! नवऱ्याने निम्म्या तटापर्यंत तेच तुणतुणं लावलं होतं. तटाची लांबी दोन किलोमीटरला थोडी कमी, आत अजून लोक राहतात, वरून त्यांची वाळत घातलेली चादर दिसते. सिंधुदुर्गात अजून काही घरं आहेत, तसंच. खाली कौलांचे दोन रंग दिसतात: काही विटलेली, बहुतेक लालभडक. युगोस्लाव्ह सैन्याच्या १९९१-९२ च्या वेढ्यात जुन्या शहरातल्या ८२४ इमारतींपैकी दोन तृतीयांशाहून जास्त इमारतींवर तोफगोळे पडले, त्यानंतर ती कौलं बदलली. कुठे काय पडलं याचा नकाशा वेशीशी लावलाय.

हे तट सरकार चालवत नाही. १९५२ मध्ये गावातल्या लोकांनी काढलेली एक संस्था चालवते आणि तिकिटाचे पैसे डागडुजीसाठी वापरते. आमचे ८० युरो कुठल्या तरी बुरुजाच्या दरजांत गेले असतील. रायगडाचं तिकीट केंद्राच्या तिजोरीत जातं, आणि ज्या गडावर ते फाडलं तिथे त्यातलं किती परत आलं हे पायथ्याच्या पाचाड गावातल्या माणसाला कळायला मार्ग नाही. १२ पैकी आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याकडे. रविवारी पदरमोड करून टाकी उपसायला, झाडोरा काढायला जाणारी पोरं या दोघांच्या परवानग्यांच्या मागे फिरतात. युनेस्कोचा शिक्का लागल्यावर ग्रुपवर फुलं टाकणाऱ्या आपल्यापैकी त्यांना गुगल पे किती जणांनी केलं, हे विचारणार नाही. माझंही नाव त्यात येईल.

आणि दुब्रोवनिकचं सगळंच उचलू नका. जुन्या शहरात राहणारे कमी होत चाललेत, घरं पर्यटकांना भाड्याने गेली आहेत. क्रूझ जहाजांची गर्दी इतकी झाली की एका वेळी दोनच जहाजं, असा नियम करावा लागला. ॲक्रोपोलिसवरही २०२३ पासून दिवसाला २० हजारांची मर्यादा आहे. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या दरवाज्यात तासभर अडकलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. माणसं मोजा, वेळ ठरवून द्या, हे आपल्याकडे म्हटलं की "महाराजांच्या गडावर बंदी?" असा गहजब होतो.

रोपवेला मात्र माझा विरोध नाही. गुडघे गेलेल्या सासूबाईंनी रायगड पाहिला तो त्याच्यामुळेच, आणि ॲक्रोपोलिसच्या कड्यालासुद्धा चालू न शकणाऱ्यांसाठी लिफ्ट लावलेली आहे.

दादाचा वाडा राहिला. पाचाडला शिवसृष्टीची घोषणा झालीच आहे, तिथे बांधा की! पायथ्याशी, सपाटीवर, लाकडात, हवा तेवढा भव्य, "अंदाजाने बांधलेला" असं लिहून. वर जोती तशीच राहू देत, दरजांत चुना भरून. नवऱ्याला हे एवढं मान्य आहे, फक्त त्या वाड्याच्या खांबांचं गणित तो स्वतः तपासणार म्हणतो. दादाचं उत्तर अजून आलेलं नाही.