झाकण उघडण्याआधीची गोष्ट

अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात खेकडे पकडणाऱ्या खलाशांवरची डिस्कव्हरी वाहिनीची मालिका मी अनेक वर्षे आवडीने पाहिली. बर्फाने निसरडा झालेला डेक, अंगावर येणाऱ्या लाटा आणि तीनशे किलोंहून जड लोखंडी पिंजरे पाहताना समुद्र हाच वैरी आहे, अशी माझी खात्री पटत गेली. मालिकेचा २००५ मध्ये दाखवलेला पहिला हंगाम हा तिथल्या जुन्या पद्धतीचा अखेरचा मोसम होता, हे मला बरेच उशिरा कळले. तोवर सगळ्या बोटींना मिळून एकच मर्यादा असे, आणि ती मोजक्या दिवसांत संपेपर्यंत जो जितके पकडेल तितके त्याचे. त्यामुळे वादळ आले तरी थांबणे कुणालाच परवडत नसे. त्याच वर्षी प्रत्येकाचा वाटा आधीच ठरवून देण्याची पद्धत आली. समुद्र पूर्वीइतकाच खवळत राहिला, पण जिवावर उदार होऊन त्यात घुसण्याची घाई बरीच कमी झाली. लाटांचे चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याला हा नियम दिसणार तरी कसा?

आपल्याकडे ड्रेनेजमध्ये उतरणाऱ्या माणसाचा तर धोकाही पडद्यावर दिसत नाही. गटारात साठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला रंग नसतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला, आता हवा मोकळी झाली, असे वाटते तेव्हाच माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, कधी तिसराही, आणि म्हणूनच अशा बातम्यांत बहुतेकदा एकाहून अधिक नावे असतात.

दिव्या भारती यांचा 'कक्कूस' हा २०१७ चा तमिळ माहितीपट मला मोलाचा वाटतो तो यासाठी, की तो शौर्याच्या मागे लागत नाही. तो कामगारांना आणि मृतांच्या घरच्यांना बोलू देतो, आणि हे काम ठरावीक जातींच्याच वाट्याला का येते, हा प्रश्न सोडत नाही. सुरक्षा साधनांशिवाय कुणाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही गटारात मरण पावलेल्यांच्या घरच्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलेली दहा लाखांची भरपाई २०२३ मध्ये तीस लाख करावी लागली.

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीचा चोकअप काढायला दोघे आले होते. पहारीने झाकण उचकटून त्यांनी ते तासभर उघडे ठेवले, मग एकाने वाकून आत पाहिले. मास्क कुठे आहे, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "झुरळं पळतायत ना साहेब, म्हणजे गॅस नाही."

सक्शन गाडी महाग पडते, दोन माणसे बोलवू, असे सोसायटीच्या बैठकीत ठरले, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो.