लाल झाला की तोडू

आमच्या घरात टोमॅटो दोनच प्रकारचे असतात, लाल आणि कच्चे. कच्च्यांची दाण्याचं कूट घालून चटणी होते, लालांचं बाकी सगळं. माझ्या जन्माआधीपासून ही व्यवस्था बिनतक्रार चालू होती. ती मोडायला मी पाच कुंड्या, तीन पोती माती आणि बायकोचा टूथब्रश खर्ची घातला.

2023 च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली तेव्हा पुण्यात ज्याला ज्याला बाल्कनी होती त्याने घरीच टोमॅटो लावायची प्रतिज्ञा केली. सप्टेंबरात भाव कोसळले आणि प्रतिज्ञाही. माझी टिकली, कारण तोवर मी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत मोबाइलवर बियांचे फोटो बघायच्या नादी लागलो होतो. हा नाद वाईट. साधा टोमॅटो मग नजरेतच भरत नाही. शेवटी चेरी टोमॅटोच्या पाच जातींची पाकिटं मागवली: नारिंगी सनगोल्ड, पिवळा यलो पेअर, काळपट ब्लॅक चेरी, पिकला तरी हिरवाच राहणारा ग्रीन ग्रेप, आणि घरच्यांनी गप्प बसावं म्हणून एक लाल, स्वीट हंड्रेड.

सनगोल्डच्या पाकिटात दहा बिया होत्या. आईने तळहातावर घेऊन मोजल्या.

"दीडशे रुपयांत दहा? अरे, एक टोमॅटो चिरला तर शंभर निघतात."

मी समजावलं की हे जपानमधलं संकरित वाण आहे, 1992 सालचं, आणि संकरिताचं घरी बी धरलं तर पुढच्या पिढीत तोच गुण उतरत नाही.

"म्हणजे दरवर्षी दीडशे," आई म्हणाली आणि कुकरकडे वळली. बियाण्यांच्या धंद्याचं मर्म इतक्या कमी शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाचांतला पहिला गेला तो लालच. ऑक्टोबरात पांढरी माशी विषाणू घेऊन आली, आठवडाभरात पानं बोकडली, शेंडा मुठीसारखा आवळला. विषाणूला औषध नसतं, झाड उपटायचं आणि पिशवीत बांधून टाकायचं. उरलेल्या चौघांसाठी मी कडुनिंबाचं तेल फवारलं, त्या वासाने पाहुणे यायचे बंद झाले. पिवळे चिकट सापळे टांगले, त्यांत माश्या अडकल्या, दोन डास अडकले आणि वाळत घातलेला माझा एक सदरा अडकला.

उरलेली चारही झाडं मात्र अशी सुटली की विचारू नका. या जाती वाढायची थांबतच नाहीत. प्रत्येक पानाच्या बेचक्यातून बगलफूट निघते, ती काढली नाही तर आठवड्याभरात तिचीच फांदी होते आणि तिच्या बेचक्यातून तिची पिलावळ. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी चिमटीने बगलफुटी मोडत बसायचो. त्याचा एक उग्र वास असतो, हिरवट, थोडा औषधी, आणि बोटांवर काळपट हिरवा चिकट थर बसतो. साबण लावला की फेस पिवळा येतो, टॉवेलही पिवळा होतो. ऑफिसात एकाने हळूच विचारलं, घरात कुणाची हळद होती का?

बांधायला सुतळी संपली तेव्हा आईच्या जुन्या पातळाच्या चिंध्या काढल्या. डिसेंबरात सनगोल्ड त्या चिंध्या धरून आठ फुटांवर पोचला आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या गजांत शिरला. त्यांनी वरून हाक मारून विचारलं, "हे तुमचं आहे की आमचं?" मी म्हटलं, मुळं आमची, शेंडा तुमचा. त्या इतक्या खूश झाल्या की मला नंतर त्या उदारपणाचा पश्चात्ताप झाला.

फुलं भरपूर, पण फळ धरेना. टोमॅटोच्या फुलात परागकण पुंकेसरांच्या पोकळीत कोंडलेले असतात, मिठाच्या डबीतल्या मिठासारखे, हलवल्याशिवाय पडत नाहीत. वारा आला तर काम होतं, पण आमच्या बाल्कनीसमोर दुसरी इमारत आहे, वारा तिथेच अडतो. मधमाशीला ही डबी हलवता येत नाही. भुंग्याला येते, तो फुलाला धरून असा घुमतो की सगळं झडतं. चौथ्या मजल्यावर भुंगा फिरकेना, म्हणून मी बायकोचा बॅटरीवरचा टूथब्रश घेतला. सकाळी आठ वाजता प्रत्येक घोसाच्या देठाला ब्रश टेकवून मी तोंडाने काहीतरी पुटपुटत होतो. समोरच्या इमारतीतले एक आजोबा रोज पेपर खाली ठेवून बघत. चौथ्या दिवशी त्यांनी नमस्कार केला. त्यांना वाटलं असावं, पूजा चालली आहे. ब्रशची बातमी बायकोला त्याच आठवड्यात लागली, त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

फळं धरली, फुगली, आणि खरं संकट तिथून सुरू झालं.

सनगोल्ड नारिंगी होऊन पिकतो. एवढं एक वाक्य मी घरात पन्नासदा तरी म्हटलं असेन. आई रोज बघायची आणि म्हणायची, "रंग धरायला लागलाय. लाल झाला की तोडू." मी म्हणायचो, हाच रंग आहे. ती म्हणायची, "घाई नको." या जातीची साल पातळ. पिकून वेलीवर राहिली आणि वरून जास्त पाणी मिळालं की टचकन फुटते. पाणी घालायचं काम आईकडे होतं आणि लाल व्हायला मदत म्हणून ती दोन तांबे जास्त घालत होती. रोज चार-पाच तरी फुटत. "बघ, पिकायच्या आधीच फुटतायत, तुझ्या बियाण्यात खोट आहे."

ब्लॅक चेरीची गत वेगळी. पहिला पूर्ण पिकलेला घोस मी रविवारी कापायचा म्हणून राखून ठेवला होता. शनिवारी कामाच्या मावशींनी तो सडला म्हणून काढून केराच्या डब्यात टाकला आणि वर मला सांगितलं, "दादा, बाकीच्यांना लागण व्हायच्या आधी काढला." यावर रागवायचं कसं? मी आईला कारण समजावलं, की यात पिकताना हिरवा रंग पुरता जात नाही, त्यावरच लाल चढतो, म्हणून चॉकलेटी दिसतो.

"म्हणजे अर्धवट पिकलेलाच ना?"

ग्रीन ग्रेपबद्दल तर मी तोंडच उघडलं नाही. तो पिकला हे डोळ्यांनी कळतच नाही, जरासा पिवळट होतो, बाकी बोटाने दाबून मऊपणा बघायचा. एका गुरुवारी डबा उघडला तर भाकरीशेजारी हिरव्या टोमॅटोची चटणी. कूट, लसूण, मिरची, सगळं यथासांग. महिनाभर राखलेला ग्रीन ग्रेप मी चटणी म्हणून खाल्ला. जरा गोडच लागली.

कुणी म्हणेल, इतकं होतं तर मीच का नाही भराभर तोडले? प्रयत्न केला. पण ज्या घरात टोमॅटो म्हणजे लाल, तिथे हातात नारिंगी फळ घेऊन उभं राहिलं की आपलीही खात्री डळमळते. उद्यापर्यंत थांबू, असं मीही दोनदा मनात म्हटलं.

खात्री एकाच प्राण्याला होती. लालबुड्या बुलबुलांची एक जोडी सकाळी साडेसहाला यायची, कच्च्याला चोच लावायची नाही, पिकला नारिंगी बरोबर टिपायची आणि अर्धा खाऊन जायची. बाल्कनीत लाल म्हणाल तर तेवढंच, त्यांच्या शेपटीखाली.

जानेवारीत जुन्नरहून मामा आला. त्याचा टोमॅटो नारायणगावच्या बाजारात क्रेटने जातो, वीस किलोचा एक. तो कमरेवर हात ठेवून बाल्कनीत उभा राहिला.

"ही बोरं कसली लावलीत रं?"

मी सांगितलं. एका फळाचं वजन सरासरी पंधरा ग्रॅम, हेही सांगितलं. मामाने मनातल्या मनात भागाकार केला. "म्हंजे क्रेटला तेराशेच्या वर. तेराशे येळा हात घालायचा? तोडणीची बाई क्रेट माझ्याच डोक्यात घालंल." मग एक सनगोल्ड तोंडात टाकला. थांबला. दुसरा टाकला. "द्राक्षावानी गोड हाय. पर टोमॅटोला गोड करून मिळवलं काय?" असं म्हणत त्याने जवळपास अख्खा घोस संपवला.

पाचव्या कुंडीशी थांबून त्याने विचारलं, "ही मोकळी का?"

"व्हायरस आला मामा. उपटून टाकला."

"आमचा दीड एकर. औंदाच्या त्याच भावाच्या टायमाला." एवढंच म्हणाला आणि हात धुवायला आत गेला. फेस पिवळा आला तेव्हा हसला.

मामा खातो म्हटल्यावर आईचं मत जरा पालटलं. भावाचा शब्द. संध्याकाळी तिने स्वतःहून चाळणी घेतली आणि पिकलेलं सगळं तोडलं, नारिंगी, पिवळं, चॉकलेटी, हिरवं, वरच्या काकूंच्या गजातलंसुद्धा. सारासाठी कुकरला लावलं, साली काढल्या, मिक्सरमधून फिरवून गाळलं. झाकण काढून आम्ही तिघंही वाकून बघत राहिलो. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्यावर मुठेला येतो तो रंग होता.

मी चमचाभर चाखून म्हटलं, "चव बघ, आई. अप्रतिम आहे."

आईने चाखलं. मान डोलावली. मग दारामागची कापडी पिशवी काढून माझ्या हातात दिली.

"छान आहे रे. आता खाली जाऊन अर्धा किलो टोमॅटो घेऊन ये, रंगाला. आणि चांगले लाल बघून घे."