सीबिस्किट रस्त्यावरचा घोडा नव्हता, आणि नुसत्या जिद्दीनं जिंकला नाही

सध्या सोलापुरातल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरायलाय, क्लासवाल्यांनी तर स्टेटसला लावलाय. मजकूर असा की अमेरिकेत सीबिस्किट नावाचा ना कूळ ना मूळ असा लंगडा घोडा रस्त्यावरून उचलला, ट्रेनरनं नुसतं प्रेम दिलं, एका डोळ्यानं आंधळ्या जॉकीनं पहिल्याच मोठ्या शर्यतीत त्याच्यावर बसून चॅम्पियन वॉर ॲडमिरलला हरवलं, म्हणजे खानदान-ट्रेनिंग काही लागत नाही, फक्त जिद्द पायजे. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचंय, आणि ज्यानं खरं काम केलं त्या ट्रेनर टॉम स्मिथचं नावसुद्धा नाही, याचा मला राग आहे.

कूळ नाही म्हणे! मॅन ओ' वॉर हा अमेरिकेतला दंतकथा झालेला घोडा, सीबिस्किट त्याचा नातू आणि वॉर ॲडमिरल मुलगा. म्हणजे चुलत्या-पुतण्याची शर्यत होती ती, आणि पुतण्या वर्षानं मोठा.

रस्त्यावरून उचलला हेही खोटं. तो सनी जिम फिट्झसिमन्स या ट्रेनरच्या तबेल्यात होता, ज्यानं १९३० आणि १९३५ला ट्रिपल क्राउन, म्हणजे एकाच वर्षात अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यती, जिंकून दाखवलेला. पुढचा मालक चार्ल्स हॉवर्डनं १९३६ला त्याला ८,००० डॉलर मोजून घेतला, मंदीच्या काळात ही रक्कम काय फुकट नव्हती ओ.

आता जिद्दीचं. दोन वर्षांचा असताना या घोड्याला एका वर्षात ३५ शर्यती पळवलं, म्हणजे दहा-अकरा दिवसाला एक, आणि जिंकला फक्त ५. सगळे म्हणायचे आळशी आहे. स्मिथला दिसलं की हे जनावर थकलंय, चिडलंय. अकलूजच्या बाजारात जाणती माणसं दात बघतात, भोवरे बघतात, चाल बघतात, तसं बघणारा माणूस होता तो, पोरवयापासून रानटी घोडी वळवलेला, बोलायचा कमी. त्यानं आधी काय केलं तर झोपू दिलं, पाहिजे तितकं. सोबतीला बकरी बांधली, ती यानं दातात धरून बाहेर फेकली, मग पम्पकिन नावाचा शांत घोडा आणून ठेवला तेव्हा स्वारी निवळली. याला नुसतं प्रेम म्हणायचं? माझ्या मते हे निरीक्षण आहे, आणि ते शिकायला आयुष्य लागतं.

आणि "पहिलीच मोठी शर्यत"? १९३७ला अमेरिकेत सगळ्यात जास्त बक्षीस कमावणारा घोडा हाच होता!

आता ती वॉर ॲडमिरलशी शर्यत. १ नोव्हेंबर १९३८, पिमलिको रेसकोर्स. वॉर ॲडमिरल सुरुवातीपासून पुढं पळणारा, हा मागून येणारा, म्हणून बहुतेकांनी याला मोडीत काढलेला. शर्यत गेटमधून (घोडे सोडायच्या फाटकातून) नाही तर घंटेवर सुटणार होती, तर स्मिथनं स्वतः घंटा बनवली आणि ती वाजली की घोडा उसळून सुटला पाहिजे याची पुन्हा पुन्हा प्रॅक्टिस करून घेतली. त्या दिवशी सीबिस्किटच पुढं निघाला. मध्ये वॉर ॲडमिरलनं गाठलं, बरोबरीत आला, तरी शेवटी हा चार लेंग्थनं, म्हणजे चार घोड्यांच्या लांबीएवढ्या फरकानं जिंकला. ट्रेनिंग लागत नाही म्हणणाऱ्यांनी ही घंटा ध्यानात ठेवावी.

जॉकीही तो नव्हता. डोळ्यानं अधू होता तो रेड पोलार्ड, आणि त्याचा तर पाय मोडलेला. शर्यत मारली जॉर्ज वुल्फनं. पण बरोबरीत येऊ दे, दुसरा घोडा दिसला की हा आणखी पळतो, हा सल्ला पोलार्डचाच.

पोलार्डचा दिवस आला १९४०ला, सांता अनिता हँडिकॅपमध्ये. ही शर्यत सीबिस्किट १९३७ आणि १९३८ला अगदी नाकाच्या फरकानं हरलेला. १९३९ला त्याच्या पायाचं लिगामेंट दुखावलं, घोडा आणि जॉकी दोघंही लंगडत हॉवर्डच्या रँचवर हळूहळू बरे होत होते. सात वर्षांच्या त्या घोड्याला स्मिथनं परत शर्यतीच्या लायक केलं, पोलार्ड वर बसला आणि ते जिंकले.